संगप्पाची टाकी

"बाप, पुत्र आन पवित्र आत्मा, तीन कसे एक, ते मला अजून बी कळलं न्हाई," संगप्पा म्हणाला आणि पाण्याच्या काठावर तसाच उभा राहिला.

शांतम्मानं कपाळाला हात लावला. नवऱ्याचं हे वाक्य ती लग्नाच्या मांडवापासून ऐकत होती. आता नातवाला मिशा फुटल्या होत्या.

संगप्पा गवंडी. चर्चच्या आतच, जमिनीत, बाप्तिस्म्याची टाकी त्यानंच बांधलेली. अख्खी मंडळी त्या टाकीत बुडून निघाली, बांधणारा तेवढा कोरडा. महिन्याला प्रभुभोजनाची थाळी फिरायची. बाप्तिस्मा न झालेल्या संगप्पापाशी आली की तशीच पुढं सरकायची, आणि शेजारी बसलेल्या शांतम्माच्या घशात भाकरीचा तुकडा अडकायचा. एकदा तरी दोघांनी मिळून तो तुकडा मोडावा, एवढंच तिचं मागणं होतं.

बरं, माणूस तयार व्हायला लागला तर पाणी पळालं. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. नवा जिल्हा, नवा कलेक्टर, नव्या पाट्या. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला, आणि तिथल्यांना विचारावं तर ते म्हणायचे, तुमच्याकडंच दिला की! उदगीरच्या किल्ल्यावरचे कावळे पाणी प्यायला नांदेडला गोदावरीवर जायचे आणि घरी पोचेस्तवर पुन्हा तहानायचे. गावातल्या बेडकांना पिलं झाली, पण पोहता एकालाही येत नव्हतं.

मधी शहरातल्या दुसऱ्या चर्चचे पाळक फटफटीवरून आले होते. म्हणाले, "संगप्पा, आमच्यात बुडवाबुडवी न्हाई. मतांगीकार, म्हंजे विश्वासाचा तो पाठ, तेवढा म्हणा, तांब्याभर पाणी डोक्यावर, झालं काम."

संगप्पानं तिथंच अख्खा मतांगीकार एका दमात म्हणून दाखवला. मग म्हणाला, "हे मला मिशनच्या बोर्डिंगातल्या छडीनं शिकवलंय, साहेब. हा छडीचा विश्वास हाय. माझा न्हाई."

त्या दिवशी शांतम्मानं त्याला चटणीशिवाय भाकर वाढली.

आता गावाची विहीर आटल्यापासून टँकर चर्चच्या टाकीतच रिकामा व्हायचा. एवढी मोठी सिमेंटची टाकी गावात दुसरी नव्हती. झाकणाची किल्ली शांतम्माकडं. आणि रोज सकाळी झाकण उघडलं की पाणी वीतभर खाली गेलेलं! घागरी घेऊन आलेल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. सरपंचाची लक्ष्मीबाई तर तोंडावर म्हणायची, "कुलूप हाय, किल्ली हाय, तरी पाणी जातं. किल्ली कुणाकडं हाय, ते काय आमाला ठावं न्हाई व्हय?" शांतम्मा खाली मान घालून घागरी भरून द्यायची.

आज टाकीच्या तळाला मांडीभर गढूळ पाणी उरलं होतं. उद्या टाकी धुवायची, हे पाणी जनावरांना द्यायचं. इथल्या चर्चचे पाळक अण्णाराव काल म्हणाले होते, "मामा, जनावरांच्या आधी तुम्ही उतरता का?" आणि संगप्पा "हाव, उतरतो" म्हणाला होता. म्हणून तर मंडळी जमली होती. खिडकीत लक्ष्मीबाई घागर कडेवर घेऊन तमाशा बघत उभी होती. आणि ऐन वक्ताला ह्यानं पुन्हा तीन-एकाचं काढलं!

"अवो, उतरा की गुमान," शांतम्मा कळवळली. "पाठ हाय न्हवं तुमाला? म्हणून टाका."

"पाठ म्हणायचं न्हाई, मामी," अण्णाराव म्हणाले. "आपल्यात ज्याचं त्यानं सांगायचं. मामा, जे हाय ते सांगा. मग मंडळी हात वर करायचा का न्हाई ते ठरवंल."

संगप्पानं पटका काढून शांतम्माच्या हातात दिला.

"बापाला मी रोज हाक मारतो. येशूच्या मागनं चाललोय, ठेचकाळत का व्हईना. आन हितं छातीत कोणतरी कवाधरनं ढोसून राहिलंय, उतर म्हणून. तिघं बी वळखीचे हायत. तिघं मिळून एक कसे, तेवढं इचारू नका."

मग एक हात वर गेला. मग सगळेच. शांतम्माचा हात पटक्यासकट वर गेला.

पाणी थोडं, म्हणून संगप्पा गुडघ्यावर बसला. अण्णारावांनी त्याच्या पाठीला हात दिला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं त्याला मागं लववलं. नाक गेलं, कान गेले, टक्कल गेलं.

आणि संगप्पा वर येईना! अण्णाराव ओढतायत, हा मुंडी हलवून नको म्हणतोय. शांतम्मा पटक्यासकट काठावर वाकली. शेवटी फुस्सकन वर आला, डोळे हे एवढे मोठे करून.

"ऐकू आलं! मला ऐकू आलं!"

"हालेलूया!" मंडळी उठून उभी राहिली. शांतम्मा रडायलाच लागली.

"काय ऐकू आलं, मामा?" अण्णारावांनी हळूच विचारलं.

"पाणी जाऊन राहिलंय! ह्या पायरीखाली. झिरझिर, झिरझिर! टाकी गळती हाय!"

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. लक्ष्मीबाईनं कडेवरची घागर खाली ठेवली.

"शांताबाय," ती म्हणाली, "टाकी फुटकी ती फुटकी, माझं तोंड बी फुटकं."

शांतम्मानं पटक्यानं डोळे पुसले आणि नाकही पुसलं. संगप्पा तोवर पायरीखाली हात घालून फट चाचपायला लागला होता.

"शांते, थापी आण. आन जरा सिमेंट बघ."

"मामा," अण्णाराव ओल्या धोतरानिशी काठावर बसून हसत होते, "आन ते तीन-एकाचं?"

"आत्ता तर आत उतरलोय," संगप्पा म्हणाला. "माझ्या हातची टाकी, जलमभर काठावरनं बघितली. कान बुडाल्याबिगर तिचं बी ऐकू आलं न्हाई."