हिचं नाव काय?

वायनरीच्या मॅडमनी वाईनचा ग्लास पुढे केला. "घोट घ्या आणि चव सांगा. पाहुण्यांना सांगाल तशी, इंग्रजीत."

दहा वर्षं मी याच बागेत द्राक्षांचे घड तोडतेय. आता मला इथली, पाहुण्यांना वाईन चाखवायची नोकरी हवी होती. लेकीने वहीत वीस इंग्रजी शब्द लिहून दिले. पण हातात कात्री असताना वही कशी धरणार? म्हणून वेलींच्या एकेका ओळीला एकेक शब्द देऊन टाकला. पहिली फ्रेश, दुसरी लाइट, तिसरी स्वीट. शेजारच्या ओळीत घड तोडणारी गिरजा खो खो हसायची. "वेलींना इंग्रजी शिकवतेस होय गं?"

घोट घेतला आणि डोकं कोरं झालं. घाबरून खिडकीबाहेर पाहिलं, तर समोर माझ्याच ओळी! मनातल्या मनात चालत सुटले. स्वीट? छे, ही जराही गोड नाही, पुढे. सातव्या ओळीशी थबकले.

"ड्राय!" मी जवळजवळ ओरडलेच. "ड्राय, लाइट, आणि फ्रेश! एकदम फ्रेश!"

मॅडम हसल्या. "सोमवारपासून या."

मी धावतच बागेत आले. गिरजाने माझं तोंड बघितलं, कात्री खाली टाकली आणि मला ओढत पहिल्या ओळीपाशी नेलं.

"चल, सांग. हिचं नाव काय?"