आधीचा अहवाल

शिक्षा भोगून झाली तरी कोवालिक आतच होता. सराईत गुन्हेगार पुन्हा गुन्हा करील असं तज्ज्ञ म्हणाले, की जर्मन कायदा त्याला सोडत नाही. वकिलाच्या सल्ल्याने तो तज्ज्ञांसमोर तोंड उघडत नसे, म्हणून दरवर्षीचा अहवाल जुन्या अहवालांवरूनच लिहिला जाई. यंदा मात्र तो बोलायला तयार झाला.

अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टर मेश्टिल्ड यांनी वीस प्रश्नांचा तक्ता उघडला; जितके गुण जास्त, तितका माणूस धोकादायक. "आई वारली तेव्हा तुमच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही, असं इथं लिहिलंय."

"आई? ती गेल्याच रविवारी कासेलहून भेटायला आली होती, डॉक्टरबाई. हे मी दोनदा लिहून कळवलं. तुम्ही लोकांनी 'खोटं बोलतो' याचे पूर्ण गुण दिलेत."

डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. "आधीच्या कुणीतरी दुसऱ्याच कैद्याचं वाक्य इथं उतरवलं असेल. आम्ही आपलं तेच पुढे..."

कोवालिकने आपल्या कागदांतून तेच वाक्य असलेला अकरा वर्षांपूर्वीचा पहिला अहवाल काढून खालच्या सहीवर बोट ठेवलं. "ही तुमचीच ना?"

त्यांचीच होती. त्यांनी मान खाली घातली, तर समोर तक्त्यातला पुढचा प्रश्न. तो त्यांना मोठ्याने वाचवेना.

'स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारतो का?'