पत्रिकेतलं स्पेलिंग

मी दारव्ह्यात इंग्रजी शिकवते, म्हणून आमचं अख्खं बोरी अरब गाव फोन करून मला स्पेलिंग विचारतं. दुकानाच्या पाटीचं, बाळाच्या नावाचं, लग्नपत्रिकेचं. चुकीचं स्पेलिंग मला खपत नाही. फक्त बाबांचा फोन कधी आला नाही. जमीरशी लग्न केलं तेव्हापासून आमचं बोलणंच बंद होतं. आज भाजी चिरताना फोन वाजला. बाबा थेट म्हणाले, "तुया भावाची लग्नपत्रिका छापून राह्यलो. पोट्टा म्हणते, इंग्रजीतच पाह्यजे." मी विळी बाजूला सारली. "काय अडलं, बाबा?" पलीकडे छापखान्याची घरघर चालू होती. बाबांनी घसा साफ केला. "निमंत्रकात तुयं नाव टाकलं. बाजूले जावयाचं टाकाचं हाये. जमीरले झेड लागते का जे?" ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. उत्तर जिभेवर होतं. तरी मी म्हणाले, "कसंही लिवा, बाबा. चालते."