रक्ताचा रिपोर्ट

माहेरी आलेल्या सुगंधाच्या दंडावर, पाठीवर काळेनिळे डाग दिसले आणि तिचा धाकटा भाऊ हरेश तडक तिच्या सासरी कोंडाण्याला गेला. अंगणातच दांडक्याने मारून त्याने तिच्या नवऱ्याचा, गुरुनाथचा, हात मोडला.

सुगंधाचा ताप हटेना, म्हणून मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "तपासणीसाठी रक्तात मिसळलेल्या चमकणाऱ्या अँटीबॉडी बिघडलेल्या पेशींना चिकटल्यात. रक्ताचा कॅन्सर आहे. यात असे डाग आपोआप उठतात."

हरेशने सगळ्यांदेखत गुरुनाथचे पाय धरले. "चुकलो, दाजी. माफ करा."

गुरुनाथ औषधं आणायला गेला. तेव्हा सुगंधाने भावाला जवळ बोलावलं.

"आजार आत्ताचा हाय रं. मार लग्नापासूनचा हाय."