भोक क्रमांक एक

खाण कंपनीचे भूगर्भतज्ज्ञ डॉक्टर रेंके यांनी ढिगातला एक हिरवा दगड उचलला, पिस्तुलासारखं यंत्र त्याला लावलं आणि आकडा बघून चष्मा पुसला. परत बघितला. अकरा टक्के तांबं.

"हा ढीग कुणाचा?"

"हायत्सी-आयबिबचा, मेनीर," गेर्सन म्हातारा अदबीनं म्हणाला. "आमचा पूर्वज. कितीदा मेला, कितीदा उठला. त्याच्या ढिगावर वाटसरूनं दगड ठेवायचा असतो. प्रवास नीट होतो."

"माहितीये मला. वाचलंय." डॉक्टरांनी सगळंच वाचलं होतं. "आणि दगड लांबून आणायचा नाही. जिथं उभा असशील तिथलाच उचलायचा. बरोबर?"

"रीत तशीच आहे."

डॉक्टरांनी स्वतःच्या पायाखाली बघितलं. लॉटरीच्या तिकिटावर उभं असल्यासारखं.

ग्रूनबर्गची खाण बंद पडून शेहेचाळीस वर्षं झाली होती. कंपनी जाताना रूळ घेऊन गेली, पत्रे घेऊन गेली, चर्चची घंटासुद्धा. माणसं ठेवून गेली. आता अठरा घरं होती, दोनशे शेळ्या होत्या आणि दर मंगळवारी पाण्याचा टँकर. मार्चमध्ये पाणी खात्याचं पत्र आलं की डिसेंबरपासून टँकर बंद. गेर्सननं उलट लिहिलं, मग बोअर मारून द्या. उत्तर आलं, नकाशानुसार तुमच्याकडे पाणी नाही, तरी गावकऱ्यांनी शहरात राहायला जावं. शहर एकशे चाळीस किलोमीटर. तिथं शेळ्या चालत नाहीत.

म्हणून राजधानीतून नव्या कंपनीचा माणूस तांबं शोधायला येणार म्हटल्यावर अख्खं गाव स्वच्छ होऊन उभं होतं. म्हणजे तोंड धुऊन.

"ढीग किती जुना आहे?" डॉक्टरांनी वही काढली.

"दगड फार जुने आहेत, मेनीर."

"किती?"

"ते तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा."

"पंचावन्न कोटी वर्षं," डॉक्टरांनी सांगितलं आणि स्वतःचंच वाक्य वहीत लिहून घेतलं.

"पण खाली तांबं नाही," गेर्सन म्हणाला. "मी इथं एकोणीस वर्षं ड्रिल धरलंय. शीर बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली, मग तीही गेली. शेवटी खाणीच्या चौथ्या मजल्यावर आम्हाला..."

"आजोबा, खाणीचा सगळा इतिहास माझ्या फायलीत आहे." डॉक्टर मायेनं हसले. म्हाताऱ्याला आपला देव वाचवायचाय, हे त्यांनी ओळखलं होतं. असं पुस्तकात आलंच होतं. "तुमचं काम भोक पाडायचं होतं. खाली काय आहे ते सांगायचं काम माझं."

"बरं," गेर्सन म्हणाला.

त्याची नात माग्रीता बाजूला उभी होती. तिनं हात मागं बांधले होते. तळव्यांचा हिरवा रंग चार दिवस घासूनही निघत नव्हता.

जाताना डॉक्टरांना सावलीतलं गाढव दिसलं. पाठ दोन्ही बाजूंनी सोललेली.

"याला काय झालं?"

"डायरेक्टर आहे आमचा," गेर्सन म्हणाला. "खाण बंद पडली, आता गावात तेवढा एकटाच काम करतो."

तीन आठवड्यांनी मशीन आलं. दोन ट्रक, अकरा माणसं, एक फिरता संडास. डॉक्टरांनी ढिगाला हात लावू दिला नाही. श्रद्धेचा मान राखायचा म्हणून त्याच्यापासून बरोबर चार पावलांवर खुंटी ठोकली. गेर्सननं टोपी काढून आभार मानले.

तीस मीटरला अभ्रकाचा खडक लागला. साठलाही तोच. डॉक्टर चुरा हातात घेऊन यंत्र लावत होते आणि यंत्र शून्य दाखवत होतं. त्यांनी यंत्राची बॅटरी बदलली. नव्वदला मशीननं एकदम सूर बदलला, पाइप थरथरला आणि भोकातून पाणी उसळलं. घराएवढं उंच. मशीनवाले पळाले. शेळ्या उलट्या दिशेनं, पाण्याकडे पळाल्या.

डॉक्टर चिंब भिजून उभे होते. शंभर मीटरला त्यांनी काम थांबवलं.

"कुठं चुकलं?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मशीनवाल्याला ओरडले, "बुजवून टाका हे!"

"मेनीर," गेर्सन पुढं झाला. "बुजवण्यापेक्षा आम्हालाच द्या की."

"निकामी आहे हो ते."

"आम्हीपण निकामीच आहोत. आमचं जमेल."

डॉक्टरांना हसू आलं. सिमेंट वाचत होतं. त्यांनी पाइप जागेवर सोडला, कागदावर सही करून म्हाताऱ्याच्या हातात दिला. वर लिहिलं होतं: भोक क्रमांक एक. निकामी. फक्त पाणी.

ट्रकांची धूळ खाली बसली तसं गाव बादल्या घेऊन धावलं. माग्रीता सगळ्यात पुढं. पाण्यात हात बुडवून तिनं आजोबांकडं बघितलं.

"औपा, पाणी बरोबर इथंच लागणार, तुम्हाला कसं कळलं?"

"चौथ्या मजल्यावर, याच जागेखाली, माझ्याच ड्रिलमधून आलं होतं. त्या पाण्यानंच खाण बुडवली. त्यांच्या फायलीत नाही ते. सांगत होतो, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"आणि हायत्सी-आयबिब रागावला तर? त्याचा खरा ढीग तिकडं खिंडीत, आणि आपण इथं..."

"तो स्वतः कमी लबाड होता का?" गेर्सन म्हणाला. मग त्यानं काठी आडवी धरून सगळ्या बादल्या थांबवल्या.

"मागं व्हा. आधी डायरेक्टर पिणार. खाणीतून इथपर्यंत दगडांच्या तीनशे खेपा त्यानं मारल्यात."