कायमची बाद

चढाईला निघालेल्या भार्गवीचा श्वास हुंगताच कबड्डीची यंत्र-मॅट लाल झाली आणि बोलली, “नशेच्या गोळीचा अंश! खेळाडू कायमची बाद!”

संस्थेचे चिटणीस गुजर टाळी वाजवून म्हणाले, “चला, कीड गेली!”

प्रशिक्षक कुंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कीड? लेकरू आहे ते! पडलेल्याला उचलावं, हे यंत्राला नाही कळत, तुम्हालाही नाही? अहो, कबड्डीत बाद झालेल्याला संघच गुण मिळवून पुन्हा उठवतो!”

“म्हणजे खेळवणार तिला?”

“गोळी सुटेपर्यंत मुळीच नाही. डॉक्टरांकडे मी नेईन, सरावाला रोज माझ्याजवळ बसवीन. पण नाव कापणार नाही!”

कुंदाताई रडणाऱ्या भार्गवीशेजारी बाकावर जाऊन बसल्या. मागोमाग साऱ्या पोरी आल्या. रिकामी मॅट बोंबलू लागली, “अख्खा संघ बाद! लोण! लोण!”