पैलवानाची कात

"दार अजून बंदच आहे," सासरे म्हणाले आणि टाकीसमोरच्या खुर्चीत पुन्हा बसले. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

सुनेनं शिलाई मशीनवरचा पाय काढला. "बाबा, परवा ऑपरेशन आहे."

"मला माहीत आहे. त्याला माहीत नाही ना."

'तो' म्हणजे पैलवान. कोळंबीचा लांबचा भाऊबंद, वीतभर लांब, मोरपंखी अंगाचा मँटिस श्रिंप. एका ठोशात शंख फोडायचा. एकदा त्यानं टाकीच्या काचेलाच तडा पाडला, तेव्हा खोलीभर खारं पाणी झालं होतं. सून एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट शिवलेल्या झग्यानं फरशी पुसत होती आणि सासरे "काय हात आहे!" म्हणून कौतुक करत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. असं म्हणणाऱ्याला फरशी पुसावी लागत नसावी.

सासऱ्यांच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. ऑपरेशन पहिल्यांदा पाच तारखेला ठरलं. त्याच्या चार दिवस आधी पैलवानानं आपल्या बिळाचं तोंड दगडांनी बुजवून घेतलं.

"कात टाकणार," सासरे म्हणाले. "दार बंद, खाणं बंद, रंग फिका. तिन्ही खुणा आहेत. नवीन कवच कडक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो. पाणी जरा बिघडलं की संपला. मी आत्ता कसा जाऊ?"

पाच तारीख गेली. मग सोळा गेली. दवाखान्यातली बाई फोनवर आता सुनेचा आवाज ऐकूनच सुस्कारा टाकायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी थांबणं म्हणजे विषाची परीक्षा. आता गुरुवारची तारीख मिळाली होती; त्यानंतर ते स्वतः दोन महिने नव्हते.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. "तू समजव ना, तुझं ऐकतात," एवढं बोलून तो कामावर जायचा. ऐकतात! सुनेला हसावं की रडावं कळेना.

शेवटी तिनं शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला.

"तीन आठवडे?" तो म्हणाला. "फारच झाले. खाणं बंद आहे ना?"

"बाबा म्हणतात, बंद आहे."

"मग थांबा. त्यांच्यापेक्षा जास्त मला तरी काय कळतं?"

ती टाकीजवळ गेली. बिळाच्या तोंडाशी दगड एकावर एक इतके नीट रचले होते की गवंड्यानं मान खाली घालावी. पैलवानाचा खाऊ म्हणून शेजारच्या बरणीत ठेवलेले जिवंत शंख मात्र कमी दिसत होते.

"हे शंख कुठे गेले?"

"मेलेले काढून टाकले," सासरे म्हणाले.

"आणि बाही कशानं भिजली? रोज सकाळी उजवीच बाही, कोपरापर्यंत."

"पाणी बदलत होतो."

शिवणारणीच्या नजरेतून बाही सुटत नाही. पण तिचं डोकं गुरुवारात अडकलं होतं.

"बाबा, तुम्ही जाऊन या. मी बघते त्याला. मीठ मोजून घालीन, पाणी तपासीन, दगडाला बोटसुद्धा लावणार नाही. लिहून देऊ?"

लिहून देण्याची गोष्ट त्यांना पटण्यासारखी होती. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं. आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक, तारीख आणि शेरा दिल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. घरातल्या टूथपेस्टवरही तारीख असायची. टाकीवरच्या फळीवर सात पारदर्शक डब्या होत्या. त्यांत पैलवानाची आजवरची सात कवचं होती, मिशांसकट अख्खी. प्रत्येकीवर चिठ्ठी. सातवीवर लिहिलं होतं, 'क्र. ७. कवच, पूर्ण. शेरा : एक मिशी तुटकी.'

"तो भित्रा नाही," सासरे एकदम म्हणाले. "लोकांना वाटतं, दार लावून बसला म्हणजे घाबरला. पण त्या दिवसांत कोणीही त्याला फाडून खाईल. दादा नाही का, हसत हसत आत गेला होता."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नव्हते.

"त्याला बारा वर्षं झाली, बाबा. आता सगळं बदललंय," सून म्हणाली. हेही ती दहाव्यांदा सांगत होती. "आणि मला सासऱ्याच्या फोटोची नाही, चालत्याबोलत्या सासऱ्याची सेवा करायचीय... काय बोलतेय मी! तुम्ही माझं डोकं फिरवलंय."

सासरे खुदकन हसले. मग उठले. "अंघोळ करून येतो."

तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. जुना रक्ताचा रिपोर्ट तासाभरात पाठवा, नाहीतर गुरुवारची जागा दुसऱ्याला देतो.

"बाबा, रिपोर्टची फाईल कुठेय?" तिनं न्हाणीच्या दारावर थाप मारली.

आत नळ जोरात वाहत होता.

तिनं तणतणत त्यांचं कपाट उघडलं. एरवी ती त्या कपाटाला हात लावत नसे. तिथे त्यांचं राज्य. वरच्या कप्प्यात बिलं, खालच्यात औषधं, सगळ्यांवर क्रमांक. फाईल तेवढी नव्हती. तिनं स्वेटरांची चळत उपसली. तळाशी फाईल सापडली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

फाईल ओढताना वरून काहीतरी घरंगळलं. पारदर्शक डबी होती. आत एक अख्खं कवच, दोन्ही मिशा शाबूत.

चिठ्ठीवर त्यांचं वळणदार अक्षर होतं : 'क्र. ८. कवच, पूर्ण. मिळाल्याची तारीख चार, सकाळी सहा. शेरा : धीर झाला की घरात सांगणे.'